उरलेले तीन क्रेडिट्स

पीएच.डी. करणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. टेबलावर पुस्तकांचा ढीग, समोर लॅपटॉप, आणि वर्ग, हजेरी, पेपर या सगळ्यांतून कायमचा सुटलेला एक जीव. आमच्या घरात तरी हाच समज होता. त्यामुळे माझी मावसबहीण, जिला मी नुसतं ताई म्हणते, गणितात पीएच.डी.ला लागली आणि दोनच महिन्यांनी फोनवर म्हणाली, "सोमवारी इंटर्नल आहे, या शनिवारी येत नाही," तेव्हा मावशीला काही कळेना. काका म्हणाले, "डॉक्टर व्हायला गेलीस की परत बारावीला बसलीस गं?"

मलाही तेव्हा काही माहीत नव्हतं. मी साहित्याची विद्यार्थिनी; गणिताशी माझा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. पण पुढचं वर्षभर ताईच्या या कोर्सांमध्ये मी अशी काही गुंतत गेले, की मंडळाच्या अंकासाठी लेख मागितल्यावर दुसरं काही सुचेना. तिच्यापुढचा प्रश्न साधा होता: वर्गात बसून शिकण्याची ही शेवटची संधी असेल, तर कुठला विषय निवडायचा? आपल्यालाही दर सहामाहीला फॉर्म भरताना हाच प्रश्न पडतो. आपण तो कँटीनमध्ये पाच मिनिटांत उरकतो, ही गोष्ट वेगळी.

आधी नियम सांगते. आपल्या देशात पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचं आहे. युजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे किमान बारा क्रेडिट्सचे कोर्स करावे लागतात आणि त्यांत किमान ५५ टक्के किंवा तेवढी श्रेणी मिळवावी लागते. ती नसेल तर पुढे संशोधन चालू ठेवता येत नाही. 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' हा दोन क्रेडिट्सचा कोर्स तर सगळ्यांनाच, मग तुम्ही रसायनशास्त्रातले असा की मराठीतले.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. अमेरिकेत गणिताचे संशोधक विद्यार्थी पहिली एक-दोन वर्षं मुख्यतः वर्गातच असतात आणि मग 'क्वालिफाइंग' नावाची परीक्षा देतात. ब्रिटनमधली जुनी रीत उलटी: पहिल्या दिवसापासून तुमचा प्रश्न आणि तुमचा गाईड, बाकी कोर्स फारसे नाहीत. पण अशाने पोरं एकाच विहिरीत खोल खोल उतरतात आणि शेजारच्या विषयाची भाषाही त्यांना कळत नाही, ही काळजी तिथे वाटू लागली. मग २००७च्या सुमारास ऑक्सफर्ड, वॉरिक, इम्पीरियल, बाथ आणि ब्रिस्टल इथल्या गणित विभागांनी एकत्र येऊन संशोधक विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओवरून कोर्स सुरू केले. एका गावात सर लिहिणार, बाकीच्या चार गावांतली पोरं बघणार. कोविडमध्ये आपण जे केलं ते त्यांनी कितीतरी आधी केलं होतं, आणि हौसेनं केलं होतं.

ताईच्या बारा क्रेडिट्सचा हिशेब असा होता. रिसर्च मेथडॉलॉजी चार, एथिक्स दोन, आणि तिच्या गाईड मॅडमच्या विषयातला ग्राफ थिअरीचा पेपर तीन. हे नऊ ठरलेलेच होते. उरले तीन. या लेखातला सगळा गोंधळ त्या तीन क्रेडिट्सचा आहे.

तिचा विषय थोडा समजावून सांगते; तिने मला आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितला तसाच. ग्राफ म्हणजे शाळेतला आलेख-कागद नव्हे. काही ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या काही रेषा. ठिपके म्हणजे गावं समजा, रेषा म्हणजे रस्ते. बेळगाव, खानापूर, लोंढा अशी नावं उभी आणि आडवी लिहून एक चौकोनी तक्ता करायचा: दोन गावांमध्ये थेट रस्ता असेल तर एक, नसेल तर शून्य. या शून्य-एकच्या तक्त्यातून काही ठराविक आकडे काढता येतात, त्यांना आयगेन व्हॅल्यू म्हणतात. गंमत अशी, की नकाशा न बघता नुसत्या त्या आकड्यांवरून पुष्कळ काही सांगता येतं. एकूण रस्ते किती, जाळं किती घट्ट विणलंय, एखाददुसरा रस्ता बंद पडला तर किती गावांचं अडेल. ताईचं काम या आकड्यांवर आहे.

तर उरलेल्या तीन क्रेडिट्ससाठी यादीत तीन पेपर होते. पहिला ग्राफ लेबलिंग. ठिपक्यांना काही नियम पाळून आकडे द्यायचे. विषय तिच्या कामाच्या जवळचा आणि दरवर्षी सगळ्यांना सत्तरच्या वर मार्क देणारा. दुसरा फंक्शनल ॲनालिसिस, जो तिने एम.एस्सी.ला थोडाफार केलेला होता. आणि तिसरा 'रिप्रेझेंटेशन थिअरी ऑफ फायनाइट ग्रूप्स', ज्याला गेली दोन वर्षं कुणी नाव घातलं नव्हतं. तो शिकवणारे सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. विभागाचा नियम असा, की किमान तिघं असतील तरच पेपर चालवायचा. दोन मुलांना तो हवा होता. तिसरं नाव नव्हतं.

गाईड मॅडमनी तिला लेबलिंग घ्यायला सांगितलं. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, ताईही म्हणत नाही. त्यांनी हिशेब मांडून दाखवला: फेलोशिपची वर्षं मोजकी आहेत, कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के गेले तर सगळंच गेलं, आणि अवघड कोर्स म्हणजे एक अख्खी सहामाही त्याच्यामागे. त्या वेळात एक शोधनिबंध होतो. घरची बाजू तर आणखी सरळ होती. काका निवृत्त झालेत, धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग चालू आहे, आणि ताईच्या फेलोशिपमधून दर महिन्याला घरी पैसे येतात. ती फेलोशिप कोर्सवर्क पास होण्यावर टांगलेली. मावशी एवढंच म्हणाली, "तुझं तू बघ बाई, पण नापास होऊ नकोस."

फॉर्म भरायला तीन आठवडे होते. ताईने काय केलं ते ऐका, कारण मला वाटतं ते आपल्या कुणालाही करता येईल. तिने तिन्ही विषयांचं एकेक पुस्तक लायब्ररीतून आणलं आणि प्रत्येकाला एक आठवडा दिला. कुणाला काही विचारायचं नाही, यूट्यूब बघायचं नाही. नुसतं पुस्तक, वही आणि ती. पहिला धडा वाचायचा आणि त्याखालची उदाहरणं सोडवायची.

लेबलिंगचा धडा चार दिवसांत झाला, उदाहरणंही सुटली. फंक्शनल ॲनालिसिसला आठवडा पुरला नाही, पण कुठे अडलंय ते तिला दिसत होतं. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर जमलं असतं. तिसऱ्या पुस्तकाची मात्र वेगळीच तऱ्हा. वीस पानं भराभर वाचून झाली, सगळं कळलं असं वाटलं, आणि पहिलं उदाहरण काही केल्या सुटेना. परत वाचलं. परत सगळं कळलं. परत सुटेना.

"म्हणून हाच घ्यायचा," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, जमत नाही म्हणून घ्यायचा?"

"न जमण्याचं काही नाही गं. फंक्शनल ॲनालिसिस पण जमत नव्हतंच की. पण तिथं कुठं जमत नाही ते मला कळत होतं. इथं पुस्तक मला फसवतंय की मीच मला फसवतेय, तेच कळेना. अशा ठिकाणी समोर माणूस पाहिजे. तो विचारतो, हे का? आणि आपली बोबडी वळते. पुस्तक काही विचारत नाही."

मला वाटतं, या विषयावर मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. जे आपण एकटे बसून शिकू शकतो, ते एकटे बसूनही शिकता येईल. त्यासाठी वर्ग खर्ची घालू नये. जिथे एकटं असताना आपल्याला कळलं-नाही-कळलं यातला फरकच ओळखता येत नाही, तो विषय वर्गासाठी राखून ठेवावा. पीएच.डी.नंतर कुणी तुम्हाला शिकवत नाही. पुढचं आयुष्य पुस्तकं, शोधनिबंध आणि आपण. म्हणून ते शेवटचे तीन क्रेडिट्स.

काकांनी अर्थातच रामानुजन काढले. रविवारी मिस्सा झाल्यावर सगळे आमच्याकडे चहाला होते, तेव्हा म्हणाले, "रामानुजन कुठे गेले होते कोर्सला? कळणाऱ्याला आपोआप कळतं." हा मुद्दा आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. रामानुजन खरोखरच एका पुस्तकाच्या आधारे वाढले. कार नावाच्या एका शिकवणीवाल्याने केलेलं ते पुस्तक. त्यात सुमारे पाच हजार सूत्रं आहेत आणि बहुतेकांच्या सिद्धतांच्या नावाखाली फार तर एखादी खूण. त्यातून त्यांनी जे उभं केलं ते अलौकिकच. पण १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले तेव्हा हार्डींपुढे विचित्र प्रश्न होता. या माणसाला सिद्धता म्हणजे नेमकं काय याची स्पष्ट कल्पना नव्हती, आणि त्या काळच्या युरोपातल्या गणिताचे काही मोठे भाग त्याला ठाऊकच नव्हते. हार्डी आणि लिटलवुड यांनी त्यांना ते शिकवायचा प्रयत्न केला, अगदी जपून, त्यांची स्वतःची झेप मोडणार नाही अशा बेताने. म्हणजे रामानुजनांनाही समोर माणूस लागला. आणि त्यासाठी बोटीने इंग्लंडला जावं लागलं.

ताईने काकांना हे सांगितलं नाही. तिने दुसरीच गोष्ट सांगितली, आणि मला ती जास्त आवडली. समजा, हजारो गावं आहेत आणि प्रत्येक गावातून फक्त सहा रस्ते काढायची परवानगी आहे. तरीही कुठूनही कुठेही थोडक्या टप्प्यांत पोहोचता आलं पाहिजे आणि थोडे रस्ते बंद पडले तरी गावांचा मोठा घोळका तुटता कामा नये. असं जाळं कसं विणायचं? १९८८ मध्ये लुबोट्झ्की, फिलिप्स आणि सारनाक या तिघांनी अशी उत्तम जाळी प्रत्यक्ष बांधून दाखवली. त्याच वर्षी मार्गुलिस यांनी स्वतंत्रपणे. आपलं जाळं खरोखर तितकं घट्ट आहे हे सिद्ध करायला या लोकांना काय लागलं? रामानुजनांनी १९१६ मध्ये संख्यांबद्दल केलेलं एक अनुमान, आणि देलीन्य यांनी १९७४ मध्ये दिलेली त्याची सिद्धता. ठिपके-रेषांशी त्या अनुमानाचा वरकरणी काही संबंध नाही. म्हणून त्या जाळ्यांना आज 'रामानुजन ग्राफ' म्हणतात. आणि ती जाळी विणायचा धागा कुठला? ग्रूप्स. ताईच्या यादीतला तिसरा पेपर.

"म्हणजे तुझ्या प्रबंधाला ते लागणार," काका म्हणाले.

"ते सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण ज्यांनी हे केलं त्यांना आधी दोन्ही भाषा येत होत्या. नंतर लागेल तेव्हा शिकू म्हटलं असतं, तर लागतंय हेच कळलं नसतं."

तिने तिसरं नाव घातलं. पेपर सुरू झाला.

मी ज्या मासिकासाठी हे लिहिते आहे ते एका मिशनरी कॉलेजचं आहे, म्हणून इथे एका फादरांची आठवण काढावीशी वाटते. फादर चार्ल्स रासीन हे फ्रेंच जेझुइट. पॅरिसमध्ये एली कार्तां या मोठ्या गणितज्ञाकडे त्यांनी डॉक्टरेट केली आणि १९३७ मध्ये ते भारतात आले; आधी तिरुचिरापल्लीला आणि मग मद्रासच्या लोयोला कॉलेजात शिकवू लागले. तेव्हाचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम जुना होता, पोरांना नवं गणित कुठे मिळणार? फादर त्यांना फ्रान्समधली नवी पुस्तकं वाचायला लावत, आणि ज्यांच्यात धग दिसे त्यांना मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे जायला सांगत. सी. एस. शेषाद्री आणि एम. एस. नरसिंहन हे दोघे असेच लोयोलातून १९५३ मध्ये टाटा संस्थेत आले. बारा वर्षांनी, १९६५ मध्ये, या दोघांच्या नावाचं प्रमेय प्रसिद्ध झालं. आज ते जगभर शिकवलं जातं.

मुंबईत या मुलांना जे शिक्षण मिळालं ते मला फार आवडलं. संस्थेने परदेशांतले गणितज्ञ बोलावायचे, त्यांनी दोन-तीन महिने व्याख्यानं द्यायची, आणि त्यांच्या नोट्स लिहून काढायचं काम विद्यार्थ्यांनी किंवा तरुण सहकाऱ्यांनी करायचं. लॉराँ श्वार्त्झ आले, त्यांच्या व्याख्यानांच्या नोट्स नरसिंहननी लिहिल्या. पुढे १९६७-६८ मध्ये डेव्हिड ममफर्ड आले. त्यांच्या व्याख्यानांवरून जे पुस्तक झालं त्याच्या नोट्स सी. पी. रामानुजम यांनी केल्या. हेही लोयोलाचे, फादर रासीन यांचेच विद्यार्थी. या नोट्सची मालिकाच निघाली आणि आज ती कुणालाही फुकट वाचता येते. जरा विचार करा. फळ्यावर सर एक ओळ लिहून पुढे जातात, आपण मान डोलावतो. पण उद्या तीच ओळ आपल्या हाताने, आपल्या नावाने छापायची असेल, तर मान डोलावून चालत नाही. मधल्या चार पायऱ्या आपल्यालाच भराव्या लागतात.

ताईच्या सरांना ही गोष्ट माहीत असावी. त्यांनी तिघांना आळीपाळीने नोट्स लिहायला लावल्या. दर शुक्रवारी ज्याची पाळी असेल त्याने फळ्यापाशी उभं राहून मागचा आठवडा शिकवायचा. तिघांच्या वर्गात लपायला जागा नसते. आपल्याकडे साठ जणांत मागच्या बाकावर बसून सहामाही काढता येते, तिथे दर तिसऱ्या शुक्रवारी फळा वाट बघत असतो.

पहिल्या इंटर्नलला ताईला तीसपैकी नऊ मार्क पडले.

त्या आठवड्यात ती घरी आली होती. पेपर बदलून घ्यायची शेवटची तारीख दहा दिवसांवर होती. लेबलिंगच्या वर्गात तोवर फार काही झालेलं नव्हतं. मॅडमनी निरोप दिला होता की अजून वेळ आहे. मावशी काही बोलली नाही, पण तिने त्या रात्री रोजरी जरा जास्त वेळ म्हटली. ताई बाहेर निघाली असती तर वर्गात दोघं उरले असते आणि नियमाप्रमाणे पेपर बंद झाला असता. त्या दोघांपैकी एकाचं सगळं काम त्याच विषयात होतं. पण ताई त्याच्यासाठी थांबली असं मी लिहिलं तर तिला ते आवडणार नाही. "दुसऱ्यासाठी नापास व्हायला मी काय संत आहे?" असं ती म्हणाली होती.

त्या रात्री तिने मला तिची वही दाखवली. व्याख्या आणि प्रमेयं इंग्रजीत, आणि समासात पेन्सिलीने मराठी. 'हे का?' 'ग्रूप फायनाइट आहे हे इथं कुठं वापरलं?' 'सर हसले, म्हणजे उत्तर सोपं असणार.' 'शुक्रवारी विचारणे.' पहिल्या पंधरा पानांवर समास कोरा होता. नंतर समास भरत गेला होता. मला म्हणाली, "बघ की. पहिली पंधरा पानं मला सगळं कळत होतं. नऊ मार्क त्या पानांचे आहेत."

मरियम मिर्झाखानी यांच्याबद्दल मी नंतर वाचलं. तेहरानमध्ये वाढलेल्या, २०१४ मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हार्वर्डला पीएच.डी.साठी गेल्या तेव्हा मॅकमुलन या प्राध्यापकांच्या चर्चासत्रात जाऊन बसायच्या, सुरुवातीला फारसं कळत नसताना. प्रश्न इंग्रजीत विचारायच्या आणि वहीत फारसीत लिहून घ्यायच्या. ते वाचल्यावर मला ताईचा समास आठवला. ताईची आणि त्यांची बरोबरी करायची नाही. पण ज्या भाषेत आपल्याला खोटं बोलणं अवघड जातं, त्या भाषेत माणूस शंका लिहितो, असं मला वाटतं.

तिने पेपर बदलला नाही. पुढच्या सुट्टीत आली तेव्हा लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मला एक छोटा तक्ता काढून दाखवला. पुठ्ठ्याचा एक सारख्या बाजूंचा त्रिकोण घ्या. तो उचलून परत त्याच जागी ठेवायचे प्रकार सहा: तीन फिरवून, तीन उलटवून, आणि काहीच न करणं हेही फिरवण्यातच धरायचं. या सहा हालचालींचा मिळून एक ग्रूप होतो. त्याचं सगळं अंतरंग तीन ओळींच्या एका तक्त्यात मावतं. पहिल्या स्तंभात वरून खाली येतात एक, एक, दोन. "आता यांचे वर्ग कर. एक, एक, चार. बेरीज?" सहा. "हालचाली किती होत्या?" सहा. "कुठलाही फायनाइट ग्रूप घे, हे जुळतंच." मला त्यातलं का ते कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कळलं. आपल्याला एखादी ओवी अचानक उलगडते तेव्हा आपला चेहरा असाच होत असणार.

वर्षअखेर तिला त्या पेपरात सत्तावन्न मार्क पडले. नियमाच्या वर, दोन बोटं. लेबलिंग घेतलेल्या तिच्या मैत्रिणीला अठ्ठ्याहत्तर, आणि त्याच काळात तिचा पहिला निबंध लिहून पाठवूनही झाला. ताईचा पहिला निबंध अजून लिहून व्हायचा आहे. मैत्रिणीचा निर्णय चूक होता असं अजिबात नाही. तिला तो विषय हवा होता आणि वेळेत संपवणं हेही शहाणपण आहे. ताईच्या प्रबंधात आजपर्यंत त्या कोर्सचा एका पानावरही थेट उपयोग झालेला नाही, हेही मी लपवणार नाही. उपयोग झाला तो दुसऱ्या ठिकाणी. आधी एखाद्या शोधनिबंधात 'ग्रूप' शब्द आला की ती तो बाजूला ठेवायची, आता वाचते. मागच्या महिन्यात एका परिषदेत कुणाचंतरी व्याख्यान संपल्यावर तिने हात वर केला आणि एक प्रश्न विचारला. वक्ते म्हणाले, याचं उत्तर मला माहीत नाही. त्या प्रश्नाच्या मागे ती सध्या आहे. त्यातून काही निघेल, न निघेल.

सर निवृत्त झाले. तो पेपर यंदा यादीत नाही.

आता माझं. पुढच्या सहामाहीला आपल्याला एक ऐच्छिक पेपर निवडायचा आहे, हे आपल्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. ताईचं बघून मीही एकेक आठवड्याचा प्रयोग केला. माध्यम लेखनाचं पुस्तक वाचलं. ते मला एकटीला जमेल असं वाटतं. मग लायब्ररीतून 'क्रिस्तपुराण' आणलं. फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि सदतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याचं मराठी ओव्यांतलं पुराण राचोलला छापून निघालं, तेही रोमन लिपीत. घरातलीच वस्तू, म्हणून मी निर्धास्त होते. पहिल्या पन्नास ओव्या वाचल्या आणि सगळं कळल्यासारखं वाटलं. मग एकेका ओवीचा अर्थ आपल्या आजच्या मराठीत लिहायला बसले. चौथ्या ओवीला पेन थांबलं. शब्द ओळखीचे, आणि तरी कुणी कुणाला काय म्हणतंय ते सांगता येईना. कुठल्या शब्दाचा अर्थ तेव्हा वेगळा होता, तेही कळायला मार्ग नाही.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "मग विचारतेस काय? फॉर्म भर. आणि मोठा समास असलेली वही घे."

प्राचीन मराठीचा पेपर चालायला किमान पाच नावं लागतात. काल ऑफिसच्या यादीत तीन होती, माझं धरून. फॉर्मची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी एक आठवडा लायब्ररीत बसून बघावं.